विजेच्या आधी आलेली बिजली

आमच्या केंद्रातली जुनी माणसं आता लग्नाकार्यात भेटतात, आणि हल्ली जास्त करून दवाखान्यात, कुणाला तरी बघायला आलेली. कुठंही भेटू देत, तब्येतीच्या चौकशा संपल्या की कुणीतरी म्हणतं, "आज बिजली असती इथं, तर?" आणि मग काही खरं नसतं. चहा गार होतो, नर्स येऊन दटावून जाते, एकाच्या किश्श्याला दुसऱ्याचा किस्सा लागत जातो. दर वेळी त्यात थोडी भरही पडते. सायकलचा किस्सा तर मी आता असा ऐकलाय, की त्यात सायकल नदीतून पोहत जाते.

म्हणून म्हटलं, मी स्वतः पाहिलेले तेवढेच सांगून टाकावेत. पोहणारी सायकल मी पाहिलेली नाही.

साल छप्पन्न. मी नुकतीच मॅट्रिक होऊन ग्रामसेविका झाले होते आणि देवळीजवळच्या आमगव्हाण या खेड्यात ग्रामसेवा केंद्रावर रुजू झाले होते. केंद्र म्हणजे दोन मातीच्या खोल्या, चार चरखे, एक औषधांची पेटी आणि भाऊसाहेब. भाऊसाहेब केंद्राचे प्रमुख. पन्नाशीचे, खादीतले, इतके हळू बोलणारे की समोरचा आपोआप पुढं वाकायचा. त्या दोन खोल्या ज्यांच्या घराच्या होत्या, त्या पार्वताकाकू. कुणब्याच्या, विधवा, घरच्या शेतीवर स्वतः उभ्या राहणाऱ्या. आमचं जेवण त्याच करायच्या, आणि केंद्र खऱ्या अर्थानं त्याच चालवायच्या. हे भाऊसाहेबांनाही माहीत होतं.

* * *

डेन्मार्कहून कुणीतरी वर्षभर सेवा करायला येणार, एवढंच आम्हाला कळलं होतं. नाव बिर्गिट. हे नाव बाईचं की पुरुषाचं, यावर केंद्रात बराच खल झाला. भाऊसाहेब म्हणाले, इतक्या लांब एकटा येतोय म्हणजे पुरुषच असणार. त्याप्रमाणे धान्याच्या खोलीत खाट टाकली गेली, आणि बाहेर आंघोळीसाठी दगड मांडला गेला.

आम्ही बैलांची रेंगी जुंपून वर्ध्याला स्टेशनवर गेलो. गाडी आली आणि डब्यातून पाठीवर पोतं बांधलेली एक मुलगी उतरली. वय पंचविशीच्या आसपास, केस पऱ्हाटीच्या बोंडातल्या कापसासारखे, आणि उंची अशी की डब्याच्या दारातून तिला वाकून यावं लागलं. भाऊसाहेबांच्या हातात सुताचा हार होता. बाईच्या गळ्यात हार घालणं त्यांच्यानं होईना, म्हणून त्यांनी तो माझ्याकडे दिला. माझा हात पोचेना. शेवटी तीच गुडघ्यावर बसली, हार घालून घेतला आणि बसल्या बसल्याच माझा हात धरून विचारलं, "काम कुठं आहे?" इंग्रजीत. आल्या आल्या, चहासुद्धा न घेता.

दुपारी घरी पोचलो. काकू दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं, पुन्हा खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "अवो माय, हे तं उभी केलेली बाज हाय."

मग त्यांनी तुकडा ओवाळून टाकला आणि उंबऱ्यातच अडवून विचारलं, "जात कोनती हो हिची?"

भाऊसाहेब चपापले. जात या विषयावर त्यांची गावात भाषणं झाली होती. ते म्हणाले, "काकू, त्यांच्याकडे जात नसते."

"जात नसते असं कसं होईन? बाप काय करते?"

मी विचारलं. वडील शेती करतात, गाई आहेत, ती स्वतः पहाटे उठून दूध काढायची, हे मी मराठीत सांगितलं.

"मंग असं सांगा ना, कुनबी हाय म्हून," काकू म्हणाल्या आणि बाजूला सरल्या. "ये वो माय, आत ये. डोकं सांभाळजो."

बिर्गिट हे नाव काकूंच्या तोंडात कधीच बसलं नाही. त्या बिजली म्हणू लागल्या, तेच गावानं उचललं. आमगव्हाणात दिवे यायला अजून कित्येक वर्षं होती. गावातले लोक पाहुण्यांना ऐटीत सांगायचे, "आमच्या गावात बिजली आली ना."

* * *

ती चैत्रात आली आणि मागोमाग आमचा उन्हाळा आला. वर्ध्याचा उन्हाळा काय चीज आहे हे तिला कुणीतरी सांगितलं असणार, पण सांगून तो कळत नाही. दुपारी कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसतात. ही मात्र भर उन्हात कुठल्या तरी घरी खत-खड्डा खणायला निघायची.

काकू रोज निघताना तिच्या झग्याच्या खिशात एक कांदा टाकायच्या. खिशात कांदा असला की ऊन बाधत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. बिजली रोज वाटेत तो कांदा खाऊन टाकायची. तिला वाटायचं, काकूंनी शिदोरी दिली.

काकूंच्या लक्षात आलं तेव्हा त्या घाबरल्या. ऊन लागून पोरगी पडली तर बोल कुणाला? पण बिजली काही पडली नाही. उलट भाऊसाहेब पडले, त्यांच्या खिशात कांदा असून. ताक-मिठाचं पाणी घेत ते ओसरीवर पडून होते. काकूंनी त्यांच्या बंडीच्या खिशातून कांदा काढला, ठेचला, आणि त्यांच्यापुढे ठेवून म्हणाल्या, "तिच्यावानी करा. खाऊन टाका."

* * *

भाऊसाहेबांचं एक मोठं दुःख होतं. त्यांनी गावाबाहेर बायकांसाठी चराचे संडास खणले होते. तट्ट्याचा आडोसा, माती टाकायला फावडं, सगळी सोय. गाव दरवेळी सभेत माना डोलवायचं, आणि सकाळी बायका नेहमीच्या वाटेनं नाल्याकडे जायच्या. भाऊसाहेब म्हणायचे, अज्ञान आहे, वेळ लागेल.

बिजलीनं वेगळंच केलं. ती मला घेऊन पहाटे बायकांबरोबर नाल्याकडे जायला लागली. येता-जाता ऐकत राहायची, मला अर्थ विचारत राहायची. कुणाची सून माहेराहून आली नाही, कुणाच्या नवऱ्यानं काल हात उगारला, कुणाला दिवस गेले. चार दिवसांनी ती भाऊसाहेबांकडे आली आणि म्हणाली, "तुमचे संडास चांगले आहेत, पण तिथं बाई एकटी पडते. दिवसभरात ह्यांना एकमेकींशी बोलायला हीच काय ती वेळ मिळते."

भाऊसाहेब लाजून जमिनीकडे पाहत राहिले. तिनं परवानगीची वाट पाहिली नाही. दोन-दोन जागा शेजारी घेतल्या, आणि मधला तट्टा कापून असा बुटका केला की बसलं की एकमेकींचं तोंड तेवढं दिसावं.

दुसऱ्या आठवड्यात भाऊसाहेब माझ्याकडे काळजीच्या चेहऱ्यानं आले. म्हणाले, "मालती, तुम्ही जरा बघा. बायका आत जातात ते ठीक आहे. पण बाहेर का येत नाहीत?"

* * *

आता तो सायकलचा किस्सा, खरा.

श्रावणात काकूंची दाढ दुखायला लागली. लवंग झाली, हळद झाली, मांत्रिकानं झाडाला ठोकलेला खिळाही झाला. गाल सुजून डोळा मिटायला लागला. दाढ काढणारा माणूस देवळीला. बैल पेरणीच्या मागच्या कामाला गेलेले, बस सडकेवर कधी येईल त्याचा नेम नाही. केंद्राची एक सायकल होती, पुरुषी, मधल्या दांड्याची. बिजलीनं ती बाहेर काढली आणि मागच्या कॅरिअरवर घोंगडीची घडी बांधली.

काकू म्हणाल्या, "मी मेली तरी बसत नाई."

बिजली मोडक्या वऱ्हाडीत म्हणाली, "बसली तं मरत नाई."

गाव दारादारात उभं होतं. नऊवारी लुगडं नेसलेली, कपाळ उघडं असलेली बाई सायकलवर, हे कुणी पाहिलं नव्हतं. काकू दोन्ही हातांनी बिजलीची कंबर आवळून, डोळे गच्च मिटून, सगळ्या देवांची नावं घेत निघाल्या. शेवटच्या घरापर्यंत देव ऐकू येत होते.

मी दिवसभर जीव मुठीत धरून होते. काकू पडल्या असत्या तर गावानं केंद्र दुसऱ्या दिवशी बंद पाडलं असतं. संध्याकाळ व्हायच्या आत सडकेवरून घंटीचा आवाज आला. मी धावत पुढं गेले. सायकल येत होती. काकूंच्या तोंडात कापसाचा बोळा, एक हात कॅरिअरला, दुसरा मोकळा. आणि त्या बोळ्यातूनच बिजलीला म्हणत होत्या, "हळू काऊन चालवून राह्यली? मांगून बैलगाडी येऊन राह्यली ना."

* * *

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. मोठे बैल आदल्या दिवशी मिरवतात. या दिवशी पोरं आपापले लाकडी बैल सजवून, दोरीनं ओढत आणतात. घरोघर त्यांना खाऊ मिळतो.

बिजलीला हे कळल्यावर ती वेडी व्हायची बाकी राहिली. रात्रंदिवस तिला तेच. सुताराकडून सागाचा ओंडका आणला आणि कोरायला बसली. हात चांगला होता तिचा. रंग दिला, चाकं लावली, शिंगांना बेगड लावलं आणि पोरांच्या रांगेत आपलं जनावर घेऊन जाऊन उभी राहिली. पोरं तिच्या कमरेएवढी.

पहिल्यांदा कुणी पाहिलं कुणास ठाऊक. एकदम कल्ला उठला. त्या जनावराला आचळं होती. भली मोठी, गुलाबी, व्यवस्थित कोरलेली चार आचळं.

"हे गाय हाय," पोरं ओरडायला लागली. "गाय पोयात चालत नाई."

बिजली मला विचारायला लागली, काय म्हणतायत. मी सांगितलं. तिचा चेहरा उतरला. तिच्या घरी गाईच होत्या; जनावर कोरायचं तर तिच्या हातातून गाईच उतरणार. पाटील पूजेचं ताट घेऊन उभे होते. गावाचे ते कर्ते, देवाधर्माचं त्यांना विचारल्याशिवाय हलायचं नाही. ते म्हणाले, "पोट्टे बरोबर म्हनतात. रीत बैलाची हाय."

काकू मागं बायकांत उभ्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "पाटील, गाय नाई तं बैल कोठून आला?"

पाटलांनी ताटाकडे पाहिलं, गाईकडे पाहिलं. आणि पहिलं कुंकू गाईला लावलं.

* * *

बिजली मराठी शिकली ती काकूंकडून. पुस्तक तिच्याजवळ नव्हतं. काकू जे बोलत तेच तिला भाषा म्हणून ठाऊक.

एकदा नागपूरहून एक फार मोठे साहेब केंद्र पाहायला आले. मागं कारकून, चपराशी, गावातले झाडून सगळे. साहेब कडक. कुणाशी न हसता त्यांनी चरखे पाहिले, खत-खड्डे पाहिले, संडास पाहिले. भाऊसाहेबांच्या कपाळावर घाम. साहेबांच्या एका शब्दावर केंद्राचं पुढलं वर्ष अवलंबून होतं.

साहेब निघाले. बिजलीनं दारात हात जोडले. काकू अंगणातल्या पोराटोरांना रोज निरोप द्यायच्या तसा, प्रेमानं, खणखणीत आवाजात निरोप दिला, "जाय मंग. पुन्हा येजो. पन हातपाय धुऊन येजो."

चपराशी आभाळाकडे पाहायला लागला. साहेबांनी आपल्या धुळीनं भरलेल्या बुटांकडे पाहिलं, आणि मोटारीत बसले.

भाऊसाहेब दोन दिवस जेवले नाहीत. बिजलीला काय झालं ते समजावून सांगितल्यावर ती आधी खूप हसली, मग रडकुंडीला आली.

दिवाळीच्या सुमारास एका दुपारी दाराशी मोटार थांबली. साहेब एकटेच होते. ओसरीखाली उभे राहून त्यांनी बूट काढले, मोजे काढले, पँट वर दुमडली आणि काकूंना विचारलं, "पाणी आहे का हो पायांवर घ्यायला?"

* * *

पाण्याचीच गोष्ट निघालीय, तर विहिरीचं सांगते. हे जरा लांबेल.

गावाला एक विहीर. गावाच्या टोकाला महारवाडा होता. त्या दसऱ्याला वाड्यातले लोक नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि बौद्ध झाले. घरातले जुने देव त्यांनी नदीत सोडले, वस्तीची झाडलोट केली. पण पाण्याचं होतं तसंच राहिलं. त्या वस्तीतल्या बायकांनी विहिरीला हात लावायचा नाही. घागरी घेऊन बाजूला निंबाखाली उभं राहायचं. कुणी दया येऊन वरून ओतलं तर भरायची. त्यांत गिरजाबाई होती. चाळिशीची, धिप्पाड, कापूस वेचण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. वाट पाहताना ती कधी खाली बसायची नाही.

उन्हाळ्यात घरचं पाणी काकूच भरायच्या. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत बिजली नदीवरून पाणी आणायची, त्या वाटेनं तिला फिरणं आवडायचं. नदी आटायला लागली तेव्हा घागर घेऊन ती विहिरीवर गेली. गिरजाबाई आणि तिच्या वस्तीतल्या बायका उभ्या दिसल्या. ही जाऊन त्यांच्या मागं उभी राहिली.

गावातल्या बायका आल्या, भरून गेल्या. आणखी आल्या, गेल्या. घरी काकूंची डाळ चुलीवर, पाण्याचा पत्ता नाही. शेवटी त्या तणतणत विहिरीवर आल्या. मी मागोमाग.

"तू इथं काऊन उभी हायेस?"

"लाईन हाय," बिजली म्हणाली. "माहा नंबर गिरजाबाईच्या मांगं हाय."

काकूंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. हिला काय सांगायचं? आणि कुठल्या तोंडानं? त्यांनी बादली सोडली, ओढली, गिरजाबाईच्या घागरीत वरून ओतली. मग दुसरीच्या. मग तिसरीच्या. सगळी वस्ती झाल्यावर बिजलीचा नंबर लागला.

दुसऱ्या दिवशी बिजली पुन्हा लाईनीत. तिसऱ्या दिवशीही. काकूंना रोज अख्ख्या वस्तीचं पाणी ओढल्याशिवाय घरची घागर मिळेना. कार्तिक अर्धा सरला तेव्हा त्या दोन्ही दंडांना तेल चोळत भाऊसाहेबांपुढे येऊन उभ्या राहिल्या. "सभा-सभा करून राह्यले तुमी. त्या बायकाईले विहीर काऊन नाई खांदून देत? माहे हात गेले."

भाऊसाहेब म्हणाले, गावाची विहीर सगळ्यांना मोकळी झाली पाहिजे, हे खरं उत्तर. ते वस्तीत गेले आणि तेच बोलले. गिरजाबाईनं ऐकून घेतलं. म्हणाली, "भाऊसाहेब, तुमची गोठ खरी हाय. पन तवरिक आमी उभ्याच राहू का? आमाले आमची विहीर पाह्यजे. अन् तिथं ज्याले यायचं त्याले येऊ द्या. आमी कोनाले निंबाखाली उभं करनार नाई."

त्या संध्याकाळी मी बिजलीला सगळं सविस्तर सांगितलं. ती लाईन नव्हती, का उभ्या राहतात, काय रीत आहे. मला ते इंग्रजीत सांगणं फार जड गेलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "पहिल्या दिवशी मला खरंच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी माहीत होतं."

खोदकाम सुरू झालं. वस्तीतली माणसं पहाटे खणून मग मजुरीला जायची, संध्याकाळी परत खणायची. भाऊसाहेब, मी, बिजली दिवसभर मातीची टोपली ओढायचो. बिजलीचे तळहात सोलले, तर ती चिंध्या बांधून खाली उतरायची आणि खालून गाणी म्हणायची, तिच्या भाषेतली, भसाड्या आवाजात. वस्तीतल्या बायकांनी तिच्या चालीवर आपले शब्द बसवले. असे आनंदाचे दिवस मी पुन्हा फार थोडे पाहिले.

मग काळा दगड लागला. सुरुंग लावले, दगड फुटला, खाली पुन्हा दगड. पाटील रोज वस्तीबाहेर लांब, बाभळीपाशी येऊन उभे राहायचे. तिथूनच म्हणायचे, "त्या जागी पानी नाई. माह्या बापानं सांगतलं होतं." भाऊसाहेबांचा धीर सुटत चालला. पुढच्या सुरुंगाची सोय नव्हती. कोरडी विहीर म्हणजे गावाला आयुष्यभराचा विनोद, आणि वस्तीला पुन्हा निंबाचं झाड. गिरजाबाई एवढंच म्हणायची, "अजून एक हात."

एका दुपारी बिजली खाली एकटीच फुटलेला दगड टोपलीत भरत होती. एकाएकी खालून किंचाळी आली. मग दुसरी. मग तिच्या भाषेत न थांबणारा आरडाओरडा. वस्तीतले पुरुष मजुरीवर गेलेले. आम्ही बायका काठावर, खाली धूळ, काही दिसेना. दरड कोसळली असं वाटून मी ओरडायला लागले.

बाभळीकडून पाटील धावत आले. धोतर खोचलेलं, पागोटं कुठंतरी पडलेलं. कुणाला काही न विचारता दोर धरला आणि सरसर खाली उतरले.

खाली बिजली गुडघाभर पाण्यात नाचत होती. दगडाच्या एका फटीतून झरा फुटला होता. डोक्यापासून पायापर्यंत चिखल, आणि ती पाटलांचे दोन्ही हात धरून त्यांनाही नाचवायला लागली.

ती सुखरूप आहे हे पाटलांना कळलं. मग आपण कुठं उभे आहोत, हेही कळलं. त्यांनी मान वर केली. काठावर गिरजाबाई वाकून पाहत होती.

"पाटील," तिनं वरून विचारलं, "पानी गोड हाय का?"

पाटलांनी पायाखालच्या पाण्याकडे पाहिलं.

मग म्हणाले, "चाखलं नाई अजून. पायाले तं थंडं लागून राह्यलं."

* * *

पाणी लागल्याचं जेवण गिरजाबाईनं घातलं. तिच्या अंगणात, आम्हा तिघांना. ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी, वर जवसाची चटणी. तिनं आम्हाला बोलावलं तेव्हा काकूंनाही बोलावलं होतं, दाराशी येऊन, नाव घेऊन. काकू म्हणाल्या, घरी काम आहे.

आम्ही जेवलो, पोटभर जेवलो, आणि घरी आलो.

दिवेलागणीला जेवायला उठलो तर आमची तीन ताटं आत चुलीपाशी नव्हती. ओसरीवर मांडली होती. पाण्याचे तांबेही वेगळे. काकूंनी वाढलं, आत गेल्या, आणि त्यांचं ताट आत घेऊन एकट्या बसल्या.

घर त्यांचं. उद्या त्यांनी खोल्या रिकाम्या करा म्हटलं तर केंद्र कुठं न्यायचं? बिजलीचा चेहरा पांढरा पडला होता. ज्या बाईला तिनं कंबर धरू देऊन देवळीला नेलं, तीच ही. मी म्हटलं, "बोलू का काकूंशी?" भाऊसाहेबांनी मानेनं नको म्हटलं. बिजली मांडी घालून बसली आणि पहिला घास घेतला. आम्हीही बसलो.

दुसऱ्या दिवशीही तसंच. मग रोजच. पौष होता. आमच्याकडे पौषातली थंडी अशी, की ओसरीवर वाढलेलं वरण ताटातच गोठायचं. भाऊसाहेब कानापर्यंत घोंगडी घेऊन जेवायचे, एक हात तेवढा बाहेर. बिजली रोज जेवण झालं की आतल्या दाराकडे तोंड करून म्हणायची, "काकू, भाजी चांगली झालती." आतून भांड्याचा आवाज यायचा.

एका संध्याकाळी आम्ही असेच बसलो होतो. वाढून झालं होतं. बाहेर धुकं उतरलेलं, ताटातून वाफ निघत होती. आतल्या दारात काकू आल्या. त्यांच्या हातात त्यांचं स्वतःचं ताट होतं, वाढलेलं.

त्या तशाच उभ्या राहिल्या. आमच्यापैकी कुणी मान वर केली नाही.

"आत लयच उकडून राह्यलं," काकू म्हणाल्या.

बिजली सरकली. काकू तिच्या शेजारी बसल्या आणि भाकरी मोडली.

भाऊसाहेबांनी कानावरून घोंगडी काढली, घडी केली, बाजूला ठेवली. आणि म्हणाले, "हो. आज उकडतंय खरं."